घमेल्यातला प्रयोग

मी शिक्षक आहे, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडेच. कोणाचा बैल कुणाच्या लग्नात शिरला, कोणती आत्या सासरहून रुसून चालत परत आली, सगळं मला विचारायचं. पण ही एक गोष्ट मी बरेच दिवस तोंडात दाबून ठेवली होती. दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुरुजी, हे लिहून काढा. वाचून एखादं घमेलं तरी रिकामं राहील."

म्हणून ही त्या घमेल्याची गोष्ट. ज्यांना दम लागतो, किंवा ज्यांच्या घरात कुणाला लागतो, त्यांनी वाचावी. ज्यांना लागत नाही त्यांनी आधी वाचावी.

शपथ

सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे मी जन्मलो. नशिबाने नोकरीही त्याच पाड्याच्या शाळेत मिळाली. मी आणि माझी बायको सुमन खोडाळ्याला राहतो, शाळेत मी मोटारसायकलने ये-जा करतो. पाड्यावरच्या घरात माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांची नात तुळशी. तुळशीचे आईबाप ठाण्याला इमारतींच्या कामावर असतात. तुळशी तेव्हा तिसरीत होती, माझ्याच वर्गात. शाळेत मला गुरुजी म्हणायची आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की मास्तरआजा.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी मी मुलांना फटाकेमुक्त दिवाळीची शपथ देतो. मजकूर माझाच. एकच वाक्य आहे, पण ते फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं: "मी अशी शपथ घेतो की, ज्यांच्या धुराने हवा, ज्यांच्या कचऱ्याने पाणी आणि ज्यांच्या आवाजाने पाखरं व गुरं हैराण होतात ते फटाके मी वाजवणार नाही, आणि वाजवणाऱ्यालाही प्रेमाने थांबवेन." मुलं हात पुढे करून तुकड्यातुकड्याने म्हणायची. मी मात्र आधी एका दमात म्हणून दाखवायचो. दमाचा मला भारी अभिमान होता.

शपथ झाली की मी शाळेला कुलूप लावायचो आणि खोडाळ्याच्या बाजारात जाऊन फटाके घ्यायचो.

हसा. मीही हसायचो. मुलांना शपथ, मास्तरला सूट, असा माझा कायदा होता. खरं सांगायचं तर आमच्या पाड्यावर फटाका आणणारा पहिला माणूस मीच. नोकरी लागली त्या वर्षी, ऐट दाखवायला. त्याआधी आमची दिवाळी वाघबारशीला सुरू व्हायची. वाघाच्या देवाला नारळ, घरात रानातले उकडलेले करांदे-कंद, चवळीच्या शेंगा, आणि अंगणात नाच. मी पहिली माळ लावली तेव्हा पाड्यावरचा एक म्हातारा म्हणाला होता, "काय रं मास्तर, वाघबारशीला वाघाला बोलवायचा का पळवायचा?" सगळे हसले. दुसऱ्या वर्षी त्याच्याच नातवाने माझ्यापेक्षा लांब माळ आणली.

आमचा पाडा वाटीत बसलाय. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये घरं. धूर वर जात नाही, वाटीत आमटी थांबावी तसा थांबतो. भाऊबीजेच्या सकाळी घरांवर पांढरा थर असायचा आणि मी वहिनीला म्हणायचो, "काय सुंदर धुकं पडलंय!" वहिनी खोकत खोकत हो म्हणायची.

प्रयोग

त्या वर्षी दिवाळीत अवकाळी पाऊस आला. कापलेला भात शेतात भिजू नये म्हणून दादाने भारे उचलून पडवीत रचले आणि पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधली. वर्षाचं खाणं त्या पडवीत उभं होतं.

माझी फटाक्यांची पिशवीही भिजली. मी फटाके भाताशेजारी सुकत घातले, तरी निम्मे फुसके निघाले. पाडव्याच्या दुपारी पुन्हा पाऊस. पाच-सहा पोरं पडवीत तोंडं पाडून बसलेली. आता फुसक्या फटाक्यांचं काय करतात हे प्रत्येक मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. ते सोलायचे, आतली पूड कागदावर काढायची आणि काडी लावायची. भस्स होतं, पोरं नाचतात.

पण मी पडलो शिक्षक. मी म्हटलं, "चला, आज आपण विज्ञानाचा प्रयोग करू."

आम्ही सगळे फटाके सोलले. सुतळीवाले, लवंगीवाले, कारंजी म्हणजे भुईनळे फोडून त्यातली चंदेरी पूड, सगळं. तुळशी माझी मुख्य सहायक. तिने घरातलं लोखंडी घमेलं आणलं. कागदावर मावली नाही म्हणून पूड घमेल्यात. मी पोरांना रांगेत उभं केलं, सुरक्षेवर दोन वाक्यंही बोललो, आणि लांब काडीने पेटवलं.

भस्स झालं नाही. घमेल्यातून एक पांढरी भिंत उठली. डोळ्यांना काही दिसेना. पिवळट, जाड, गंधकाचा धूर. ताडपत्रीला आपटून तो परत आमच्या अंगावर आला. पोरं ओरडत बाहेर पळाली. मीही पळालो असतो, पण घमेल्यातून ठिणग्या उडत होत्या आणि हातभर अंतरावर भाताचे भारे. मी गोणपाट टाकलं, ते पेटलं, ते पायाने तुडवलं, मग हंड्यातलं पाणी. तोवर मी किती श्वास घेतले कोण जाणे. प्रत्येक श्वास मिरची कुटताना घेतल्यासारखा.

बाहेर आलो तेव्हा भात वाचला होता, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरात कुणी मोठं नव्हतं, सगळे शेजारच्या घरी गेलेले. मी पोरांना गोळा केलं आणि म्हटलं, "हात पुढे करा. हे घरी कुणाला सांगायचं नाही. शपथ?"

"शपथ!" पोरं म्हणाली.

तुळशी जरा मागून आली. डोळे लाल. मी विचारलं, "कुठं होतीस?" तिने नुसता हात पुढे केला. मी पुढे काही विचारलं नाही.

चुलीचा धूर

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याला घरी खोकला सुरू झाला. मी म्हटलं, पावसात भिजलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना दम लागला. दात घासताना! मला वाटलं होतं मरण येईल तर काही तरी भारदस्त काम करताना येईल. मी ओटीवर बसलो आणि श्वास आत घेतला, तर तो अर्ध्यावर थांबला. जिना चढताना एक पायरी नसावी तसं. पुन्हा घेतला, पुन्हा तिथेच. भीती म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. ती डोक्यात नसते. ती बरगड्यांच्या आत असते आणि वर यायला बघते.

सुमनने माझी नखं बघितली. ती निळसर झाली होती. तिने तशीच शेजाऱ्याची जीप बोलावली. मोखाड्याला तपासलं आणि लगेच गाडीतून जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. एरवी जव्हारच्या घाटात मला प्रत्येक वळणाची गोष्ट आठवते. त्या दिवशी मी फक्त वळणं मोजली. एका वळणाला चार श्वास.

डॉक्टरबाई वयाने लहान, माझ्या मुलीसारख्या. त्यांनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, छातीचा फोटो काढायला लावला. मग विचारलं, "बिडी ओढता?"

"नाही."

"गेल्या तीनचार दिवसांत कुठे धुरात होतात का? फटाके, कचरा जाळणं, काही?"

आता इथे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा सांगतो, घमेल्यापेक्षाही मोठा. मी उत्तर देणार एवढ्यात सुई घेऊन सिस्टर आली आणि म्हणाली, "गुरुजी! तुम्ही?" ती कल्पना होती, माझी जुनी विद्यार्थिनी. माझ्या शपथेच्या पहिल्या तुकडीतली; पलीकडच्या पाड्यावरून यायची, त्यामुळे माझी दिवाळी तिने पाहिली नव्हती. तिने डॉक्टरबाईंना अभिमानाने सांगितलं, "मॅडम, फटाके कसले! आमच्या गुरुजींनीच तर आमचे फटाके बंद केले. मी अजून वाजवत नाही."

मी म्हटलं, "चुलीचा धूर. लहानपणापासून."

कप

छातीच्या फोटोत दोन्हीकडे पांढरं दिसत होतं. डॉक्टरबाई बाहेर जाऊन सुमनशी बोलल्या. दार अर्धं उघडं होतं. "न्यूमोनिया असेल. टीबीही बघावा लागेल. तोवर एक जोरदार औषध आहे ते देता येत नाही, टीबी असला तर उलटेल." मग मला बेडका द्यायला झाकणाचा प्लास्टिकचा कप मिळाला, तोंडाला मास्क, आणि कोपऱ्यातली खाट.

आमच्या भागात टीबी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वडिलांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. मी त्या कपाकडे बघत पडून राहायचो. सुमनने माझं ताट-वाटी वेगळी बांधून ठेवली, आणि ठेवताना माझ्याकडे पाठ केली, मला रडू दिसू नये म्हणून. तेव्हाही मी सांगू शकलो असतो. तोंड उघडायचो, खोकला यायचा, आणि खोकला थांबला की धीर गेलेला असायचा. वर स्वतःला सांगायचो, फटाक्याच्या धुराने कुणी मरतं का? चुलीच्या धुरात वाढलेली आम्ही माणसं, पेरणीआधी शेतात राब भाजताना दिवसभर धुरात उभे राहतो. आमच्या छात्या पक्क्या. धुराची सवय म्हणजे धुरापासून संरक्षण, असं मला पन्नास वर्षं वाटत होतं. आणि मी विज्ञान शिकवतो.

कल्पना दिवसातून चारदा वाफेचं औषध द्यायला यायची. मास्क लावून दहा मिनिटं बसायचं. मला घाबरलेलं बघून म्हणायची, "गुरुजी, मनात पाढे म्हणा. तुम्हीच सांगायचात ना, भीती वाटली की पाढे म्हणायचे." मी म्हणायचो. सतराचा पाढा मध्येच अडायचा. तो आधीपासूनच अडायचा, पण हे तिला कधी कळलं नव्हतं.

ती इतकी प्रेमाने करायची की दर वेळी माझा खोटेपणा थोडा आणखी जड व्हायचा.

तुळशी

दवाखान्यातला तिसरा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. बाहेर दादाचा आवाज आला. मला वाटलं, मला बघायला आला. मी उशीला टेकून बसलो, केस सारखे केले.

दादा आत आला तो धावत. त्याच्या खांद्यावर तुळशी होती. तिचं तोंड उघडं, मान मागे, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळी आत जात होती. शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तो आवाज ओळखला. तो माझ्याच छातीतला आवाज होता, लहान आकाराचा.

"दोन दिस झाले, पोर खोकते," दादा सांगत होता. "आज तिला बोलताच येईना. बाई, बघा ना हिला काय झाला!"

डॉक्टरबाईंनी तिला माझ्या समोरच्या खाटेवर बसवलं. "बाळा, कुठे धुरात खेळलीस का?"

तुळशीने मान हलवली. नाही.

"घरात काही जाळलं होतं?"

नाही.

आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. ऑक्सिजनचा मास्क तिच्या तोंडाला धरलेला, डोळ्यांत पाणी, आणि मास्कच्या आतून तिने मला विचारलं, "मास्तरआजा... सांगू?"

इतकी वर्षं शपथ दिली. फटाके न वाजवायची शपथ आमच्या पाड्यावर कुणी पाळली नाही, सगळ्यांत आधी मी मोडली. आणि ही न सांगायची शपथ मात्र ती श्वास मिळत नसतानाही पाळत होती, कारण ती गुरुजींनी दिली होती.

मी खाटेवरून उतरलो. नळी नाकातून निघाली. "मी सांगतो," म्हटलं. "फटाके. मी पेटवले. घमेल्यात. बंद पडवीत." एकेका शब्दाला एकेक श्वास लागत होता, आणि मी पहिल्यांदाच आयुष्यात कमी शब्दांत काही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही आत किती वेळ होती?"

"लगेच पळाली. सगळी पोरं पळाली."

तुळशीने मान हलवली. मास्कमधून म्हणाली, "मी भाऱ्यांच्या मागं होते. भ्याले म्हणून लपले. आजा आग विझवत होता, मग बाहेर आले."

म्हणजे मी भात वाचवत होतो तो सगळा वेळ ती त्याच पडवीत, माझ्यापासून चार हातांवर, भाऱ्यांमागे बसून तो धूर घेत होती.

गाडी

डॉक्टरबाई मला ओरडल्या नाहीत. ओरडायला त्यांना वेळ नव्हता. एवढंच म्हणाल्या, "घमेल्यात काय काय होतं ते सिस्टरला सांगा. सगळं." मी कल्पनाला सांगू लागलो. सुतळीवाले, लवंगी, कारंजी. ती लिहीत होती आणि वर बघत नव्हती. कारंज्यांपाशी तिची लेखणी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालली.

तुळशीला आतल्या खोलीत नेलं. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर नाशिकला हलवू, असं ठरलं. त्यासाठी गाडी अंगणात आणून उभी केली.

माझ्या खिडकीतून ती गाडी दिसायची. ड्रायव्हर बाजूच्या टपरीवर बाकावर बसला होता. मी दिवसभर त्या माणसाकडे बघत होतो. तो चहा पितो आहे तोवर तुळशी ठीक आहे. तो उठला की माझी छाती बंद. एकदा उठला, गाडीपाशी गेला, दार उघडलं. मी खाटेची कड धरली. त्याने आतून गमछा काढला, तोंड पुसलं आणि परत जाऊन बसला. मी त्या माणसाचा जन्माचा ऋणी आहे आणि त्याला पत्ताही नाही.

दादा दाराशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "दादा." तो म्हणाला, "तू बोलू नको. तुझा दम जपून ठेव." तो माझ्या काळजीने बोलला की रागाने, मला कळलं नाही. तुळशीचा बाप दुपारी ठाण्याहून आला. तो माझा पुतण्या. याला मीच सायकल शिकवली. माझ्या खाटेसमोरून गेला तो भिंतीकडे बघत. सुमन त्याला पाणी द्यायला गेली तर म्हणाला, "काकी, तुमच्या हातचं घेतो. काकांचं नाव काढू नका."

चार वाजता कल्पना आली. मी तिच्या तोंडाकडे बघण्याचं टाळून गाडीकडे बघितलं. ड्रायव्हर बाकावर आडवा झाला होता.

"झोपलाय तो," कल्पना म्हणाली. "झोपू दे. पोरीने बिस्कीट मागितलं."

मी तिथेच रडलो. खोकत खोकत रडणं फार विद्रूप दिसतं, कुणी करू नये. कल्पनाने पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "गुरुजी, मी खरंच वाजवत नाही हां अजून."

"माहीत आहे," म्हटलं.

"पण कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी आता कुणाचं नाव सांगायचं?"

मी परत गाडीकडे बघितलं.

दोन डबे

मग कपाचा निकाल आला, टीबी नव्हता. तुळशीला दिलेलं ते जोरदार औषध मलाही मिळालं. सुमनने वेगळं बांधलेलं ताट सोडलं, त्यात स्वतः जेवली आणि मग म्हणाली, "तीन दिवस मी तुमच्या पाठीमागे रडले. चुलीचा धूर म्हणे! माझ्या चुलीचं नाव घेतलंत!" पुढचे दोन दिवस ती माझ्याशी फक्त गोळ्यांपुरतं बोलली. ते तिचं बरोबरच होतं.

तिसऱ्या सकाळी दादा आला. हातात दोन डबे, वहिनीने दिलेली नागलीची आंबील. तुळशीला आता परत माझ्या समोरच्या खाटेवर आणलं होतं; एक डबा तिच्याजवळ ठेवला. दुसरा हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, तो तुळशीच्या बापाला देईल. दादाने माझ्याकडे न बघता तो माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "गार होईल." एवढंच. आंबील गारच पितात. पण त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

आम्हा दोघांना व्यायामाला एकेक खेळणं मिळालं होतं. नळीतून श्वास ओढायचा, आत तीन गोळ्या असतात त्या वर चढतात. तुळशीच्या दोन चढायच्या, माझी एक, तीही कधी कधी. ती माझी परीक्षा घ्यायची. "मास्तरआजा, परत. लक्ष नाही तुमचं." मी तिला हेच वाक्य किती वेळा ऐकवलं असेल.

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाड्यावर आणखी कुणाला खोकला?" मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं. दिवाळीनंतर शाळा उघडली की दर वर्षी पाच-सात मुलं गैरहजर असतात. कारणापुढे मी दर वर्षी लिहितो: थंडी.

पाड्यावरच्या घरी गेल्यावर वहिनीने मला झऱ्यावर नेलं. पाड्याचं उन्हाळ्यातलं सगळं पाणी त्या एका झऱ्याचं. दिवाळीतल्या पावसाने अंगणांतला सगळा लाल कागद, सुतळ्या, काळी राख उताराने वाहून तिथे जमली होती. काठावर लाल लगदा साचला होता. "रोज फडक्याने गाळते," वहिनी म्हणाली. "फडकं धुतलं तरी वास जात नाही." आम्ही दोघांनी मिळून तो लगदा काढला. तीन वेळा खाली बसून दम घ्यावा लागला. वहिनी दर वेळी थांबली, आणि थांबल्याचं दाखवलं नाही.

एक वाक्य

वर्ष झालं. माझी छाती पूर्वीची नाही. पाड्यावरच्या घराच्या चढावर तिसऱ्या वळणाला उभं राहावं लागतं. बाहेर धूर दिसला की अजूनही बरगड्यांच्या आत ते काही तरी वर यायला बघतं. तुळशीला पावसाळ्यात दोनदा दम लागला. त्या दोन्ही वेळा मी मनाने घमेल्यापाशी परत गेलो. डॉक्टरबाई म्हणतात, ती लहान आहे, भरून येईल. मी रोज तिच्या श्वासाकडे कान देऊन असतो. वर्गात बेरीज तपासतानासुद्धा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस आला. शपथ द्यायची की नाही, हे आठवडाभर माझ्या मनात घोळत होतं. शेवटी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि मुलांना घमेल्याची सगळी गोष्ट सांगितली, न सांगायच्या शपथेसकट. मग म्हटलं, "ज्याला घ्यायची त्याने हात पुढे करा."

एकही हात पुढे झाला नाही. सगळी तुळशीकडे बघत होती. तुळशी आता चौथीत, पुढच्या रांगेत. ती म्हणाली, "गुरुजी, आधी तुम्ही."

मी हात पुढे केला. सवयीने एका दमात सुरुवात केली. "मी अशी शपथ घेतो की, ज्यांच्या धुराने हवा, ज्यांच्या कचऱ्याने पाणी..." आणि तिथे माझा दम संपला. हात तसाच पुढे, तोंड उघडं, पुढचा शब्द नाही. कुणी हसलं नाही.

तुळशी उठून माझ्याशेजारी आली. हात पुढे केला आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं. मी तिच्या शब्दांकडे लक्ष देत नव्हतो, मी फक्त श्वास ऐकत होतो. धुराने हवा. कचऱ्याने पाणी. पाखरं. गुरं. शिट्टी येईल म्हणून माझी मूठ आवळलेली. "...आणि वाजवणाऱ्यालाही प्रेमाने थांबवेन."

वाक्य संपलं. ती मध्ये कुठेही थांबली नव्हती, आणि वाक्य संपल्यावरही तिच्याकडे थोडा श्वास उरला होता.